दाबलं की सा, ओढलं की रे

समोर बसून शिकवणारा माणूस हवा, एवढीच माझी अट होती. गायकवाड सर सापडले आणि लक्षात आलं, की हे गृहस्थ बसतच नाहीत. पावणेदोन वर्षांच्या ओळखीत मी त्यांना खुर्चीत टेकलेलं चार-पाचदा पाहिलं असेल, त्यातही एकदा चपलेचा तुटलेला अंगठा जोडायचा होता म्हणून. शिकवताना ते माझ्याभोवती फिरत. उजवीकडून निघायचे, पाठीमागे जायचे, तिथून "कोपर!" म्हणून खेकसायचे, आणि मी दचकून कोपर आत घेईस्तोवर डाव्या अंगाला हजर. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे बघता बघता माझी मान आखडली. त्यांच्या पत्नी सुमतीकाकू पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता म्हणाल्या, "त्यांच्याकडे बघू नका हो. पंख्याकडे कुणी बघत बसतं का? वारा घ्यायचा फक्त."

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांना गप्प बसवायचं हे माझं काम, आणि स्वतःला दोन मिनिटं स्वस्थ बसवत नाही हा माझा स्वभाव. मुलगी, पूर्वा, नोकरीसाठी आयर्लंडला गेली तेव्हा तर मी घरातली कपाटं लावायची आणि पुन्हा विस्कटायची, एवढंच करत होते. एकदा व्हिडिओ कॉलवर तिच्यामागे रस्त्याच्या कडेला कुणी म्हातारी लहानसं वाद्य वाजवत होती. मी सहज म्हणाले, "काय गोड वाजतंय गं ते!" पोरीने ते मनात धरलं आणि माझ्या वाढदिवसाला पार्सल आलं. त्यात होती कॉन्सर्टिना.

आता कॉन्सर्टिना म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण नाशकात मला ते रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागलं. सहा कोनांचा डबा मधोमध कापून दोन भाग करावेत आणि त्यांच्यामध्ये घड्याघड्यांचा भाता बसवावा, असं ते दिसतं. दोन्ही अंगांना बटणं. दोन हातांत धरायचं, भाता दाबायचा, ओढायचा, बटणांवर बोटं फिरवायची. जात आपल्या पेटीचीच. आत पितळी रीड, म्हणजे पातळ पट्ट्या असतात, वारा लागला की बोलतात.

सुरुवातीला मी इंटरनेटवरचे धडे पाहिले. तिथली बाई मोठी हसतमुख होती, पण तिला माझं मनगट दिसत नव्हतं. सूर भलतेच यायचे, का ते कळायचं नाही, आणि ती आपली "छान!" म्हणत पुढच्या धड्याला जायची. तीन आठवड्यांत मी एवढी वैतागले की ठरवलं, हाडामांसाचा माणूसच शोधायचा. कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये तरुण मास्तर म्हणाला, "कीबोर्ड लावा ना मॅडम, सेमच आहे." दुसरीकडे म्हणाले, "अकॉर्डियन म्हणताय का? ते नाहीये आपल्याकडे. गिटार देऊ?" जणू भाजी घ्यायला आले होते. एकाने तर फोनवर सरळ विचारलं, "ते खातात का वाजवतात?" शेवटी रविवार कारंजाजवळच्या एका पेटीच्या दुकानात म्हाताऱ्या मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "शरणपूरला गायकवाड सर आहेत. त्यांच्या वडिलांकडे होता असा बाजा. जा, पण डोकं शाबूत ठेवून जा."

शांतवन गायकवाड, वय बहात्तर, आयटीआयमध्ये फिटर शिकवून निवृत्त. उंच, काटक, शर्टाच्या खिशात पेन्सिल आणि भुईमुगाच्या शेंगा. घराच्या पुढच्या खोलीत वस्तू आवळून धरणारा लोखंडी शेगडा असलेलं टेबल, कानशी, पक्कड, आणि चारी भिंतींना दुरुस्तीला आलेल्या पेट्या. नाशिक तालुक्यापासून वणीपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या ते सुरात लावून देत. त्यांचे वडील खेडोपाडी प्रभूची सुवार्ता सांगत फिरायचे. मिशनच्या कुणा बाई परत जाताना आपली कॉन्सर्टिना त्यांना देऊन गेल्या होत्या. वडील ती गळ्यात पट्ट्याने अडकवून वाजवत चालत, आणि लहानगा शांतवन मागे मागे. "बाप चालत वाजवायचा, मी चालत शिकलो. बसून शिकवू कसं?" असा त्यांचा सवाल. ते जुनं वाद्य त्यांनी मला दाखवलं. भात्याला सायकलच्या ट्यूबची ठिगळं होती आणि दर चार सुरांमागे ते खोकायचं. पण त्यावर त्यांनी वडिलांनीच बांधलेली एक प्रार्थनेची चाल वाजवली, पाच ओळींची. मी तिथल्या तिथे ठरवलं, की मला हेच शिकायचंय आणि ह्याच माणसाकडून.

मग त्यांनी माझं वाद्य हातात घेतलं. डाव्या हाताचं तिसरं बटण. दाबलं, सा आला. ओढलं, रे आला. सर जागच्या जागी थांबले.

"आहेरबाई, लेकीला कुणीतरी गंडवलंय."

"म्हणजे?"

"एका बटणाला दोन सूर? तुमच्या दारावरचं बटण दाबलं की बेल आणि सोडलं की नळ, असं होतं का?" त्यांनी वडिलांचं वाद्य पुढे केलं. "हे बघा. दाबा नाही तर ओढा, सा तो सा. पेटीचंही तसंच. ह्याची वीसच्या वीस बटणं बिघडलीत."

इथे मी खरं ते कबूल करते. तीन आठवडे मी सूर चुकतोय म्हणून स्वतःला बोल लावत होते. चूक वाद्याची आहे म्हटल्यावर मला इतकं हायसं वाटलं, की मी एकही शंका काढली नाही. ग्रंथालयात एवढी पुस्तकं हाताखाली असलेली बाई मी, पण एका पानाची खात्री करून घ्यावी असं मनात आलं नाही.

सरांची काम करण्याची एक रीत होती. दुरुस्तीला काही आलं, की हत्याराला हात लावायच्या आधी जे आहे ते जसंच्या तसं लिहून काढायचं. फिटरच्या पोरांना त्यांनी चाळीस वर्षं हेच बजावलं होतं. त्यांनी मला शाळेची वही दिली, वर मथळा सांगितला, "लिहा, बिघाड." खाली दोन रकाने. एकात दाबलं, दुसऱ्यात ओढलं. ते खोलीभर फिरत एकेक बटण वाजवत होते आणि मी माझ्या वळणदार अक्षरात चाळीस बिघाड टिपत होते.

बारा दिवसांनी वाद्य परत मिळालं. काही रीड त्यांनी इकडचे तिकडे केले होते, काहींचा सूर कानशीने घासून वर चढवला होता, काहींचा टोकाला वितळलेल्या डाखाचा बारीक थेंब देऊन खाली आणला होता. आता बटणं पेटीसारखी ओळीने बोलत होती, सा रे ग म, दाबा नाही तर ओढा. सर लग्नघरातल्या मामासारखे मिरवत होते. "आता शिका. आता हे माणसात आलं."

आणि मी शिकले. खरंच शिकले. सरांची शिकवण्याची भाषा अजब होती. "पटकन हळू वाजवा बघू," हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणजे काय हे मला आजही सांगता येणार नाही, पण वाजवता येतं. ओळ बरोबर आली की खिशातली एक शेंग माझ्यासमोर ठेवायचे. बावन्न वर्षांची बाई मी, त्या शेंगेसाठी जीव टाकायचे. ओळ चुकली की शेंग स्वतः खायचे आणि टरफल माझ्यासमोर ठेवायचे. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी कधीच बंद करून टाकलं होतं, कारण ते "चुकीच्या तालात" चालायचं. काकूंना वेळ बघायला शेजारी जावं लागे.

घरात फिरून भागेना तेव्हा ते मला जॉगिंग ट्रॅकवर घेऊन गेले. सकाळची फिरायला आलेली माणसं, त्यांच्यामधून गळ्यात पट्टा अडकवून मी वाजवत चाललेय आणि मागून सर. हास्यक्लबच्या मंडळींनी आम्हाला थांबवून विचारलं, "रोज येता का? आमच्यासाठी वाजवा ना." सर म्हणाले, "तुम्ही आधी सुरात हसायला शिका." आमच्या ह्यांनी त्या आठवड्यापासून फिरायला दुसऱ्या ट्रॅकवर जायला सुरुवात केली.

एका रविवारी दुपारी सायखेड्याला गेलो. तिथल्या भजनी मंडळाची पेटी लावायची होती. मंडळाचे केदूनाना, वय सरांच्याच आसपास, द्राक्षबागेतून थेट आलेले. त्यांनी माझं वाद्य बघितलं.

"सर, ही पेटी लय बारकी हाय. खाऊन-पिऊन मोठी व्हईल का?"

"नाही नाना, एवढीच राहते."

"मंग ह्या ताईला वाजवू द्या की. आमी काय हसत नाय."

पंधरा-वीस माणसं गोल करून बसली. मी चाल सुरू केली, पहिल्या ओळीतच कोपर थरथरायला लागलं. तेवढ्यात मागून सरांचा पंजा आला आणि त्याने माझं कोपर धरलं. नुसतं धरलं. पाची ओळी होईपर्यंत सोडलं नाही. शेवटी केदूनाना म्हणाले, "पोटात कालवलं बघा. लय झ्याक." आणि सर ज्याला त्याला सांगत सुटले, "माझी विद्यार्थिनी आहे. माझी विद्यार्थिनी." परतताना त्यांच्या स्कूटरमागे बसले होते, तेव्हा वाऱ्यात ओरडून म्हणाले, "फिटर शिकवला, पेटी शिकवली, आहेरबाई. पण बापाचं वाद्य शिकायला कुणी आलं नव्हतं. तुम्ही पहिल्या."

मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. म्हणूनच पुढचं सांगताना अजून जीव कसनुसा होतो.

थंडीच्या दिवसांत पूर्वाचा कॉल आला. मी ऐटीत तिला चाल ऐकवली. ती ऐकता ऐकता स्क्रीनजवळ आली. "आई, थांब. ओढताना तुझा सूर बदलत का नाहीये?"

"बदलत होता. सरांनी दुरुस्त केला."

मग ती हळूच म्हणाली, "अगं, ह्या प्रकारात तो बदलायचाच असतो. तू शिकायला लागलीस म्हणून मीपण इथे नवशिक्यांच्या वर्गात जाते ना, शनिवारी. सगळ्यांचा बदलतो. दाबताना एक, ओढताना दुसरा. सरांच्या वडिलांचं वाद्य वेगळ्या जातीचं असेल. आई, त्यांनी चांगलं वाद्य उघडून..."

तीन आठवडे मी सरांना काही सांगितलं नाही. दर मंगळवारी ठरवून जायची आणि शेंगा खाऊन परत यायची. वाद्याचं दुःख होतंच, पण भीती दुसरीच होती. हा माणूस कुणाचा तरी कॉन्सर्टिनाचा मास्तर झाला होता, बहात्तराव्या वर्षी, पहिल्यांदा. ते मी कसं काढून घेऊ? घरी मी पुन्हा कपाटं लावायला लागले. ग्रंथालयात एका मुलाला उगाच झापलं.

चौथ्या मंगळवारी सरांनी एक कागद माझ्या हातात दिला. कारखान्याला लिहिलेलं तक्रारपत्र. फिटरच्या इंग्रजीत, मुद्देसूद, सदोष माल बाहेर सोडल्याबद्दल. "लेकीकडून पत्ता मागवा. ह्यांना कळायला पाहिजे." खाली दणदणीत सही, आणि सहीखाली 'कॉन्सर्टिना शिक्षक, नाशिक'.

ते पत्र जाऊन चालणार नव्हतं. तिकडच्या लोकांनी हसावं, हे मला सहन झालं नसतं. मी सगळं सांगून टाकलं.

सर फिरत होते ते फिरतच राहिले. दोन फेऱ्या झाल्या. मग दारातून बाहेर, फाटकातून बाहेर, गल्लीच्या टोकाला वळले आणि दिसेनासे झाले. काकू आणि मी ओट्यावर उभ्या. "येतील," काकू म्हणाल्या, पण हातातलं फडकं पिळत राहिल्या. तासाभराने ते आले. घामाघूम झालेले, चेहरा उतरलेला. मला म्हणाले, "ती वही कुठंय?"

वही काढली. त्यांनी माझ्या अक्षरातले ते दोन रकाने वरपासून खालपर्यंत वाचले. खिशातली पेन्सिल काढून 'बिघाड' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'मूळ'.

"चाळीसच्या चाळीस बरोबर होते, बाई. मी लिहूनही घेतलं आणि मलाच वाचता आलं नाही." मग म्हणाले, "आजपासून मी तुमचा मास्तर नाही. ह्या वाद्यातलं मला काही येत नाही. समोर बसून शिकवणारा शोधा."

"शोधूनच आले होते तुमच्यापर्यंत!" मी ओरडलेच. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी क्वचित बोलले असेन. "अख्ख्या नाशकात दुसरं कुणी नाहीये. मला मास्तर हवाय, अपराधी नकोय."

"आधी ते सरळ करतो," एवढंच ते म्हणाले.

त्याला चार महिने लागले. खाली आणलेले सूर सोपे होते, डाख काढला की पूर्ववत. पण घासून पातळ केलेलं पितळ परत जाड होत नाही. जुन्या मोडीतल्या पेट्यांचे रीड कापून त्यांनी एकेक जीभ नव्याने बनवली. वही उघडी ठेवून, रकान्यावर बोट ठेवून. त्याच दिवसांत त्यांच्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. हातातली पक्कड निसटायची. मानेतली शीर दबलीय, असं डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. मुलगा पुण्याला असतो, तिथे मेच्या अखेरीस करायचं ठरलं, आणि मग दोघांनी तिकडेच राहायचं. काकूंनी हळूहळू भांडी बांधायला घेतली.

एकोणचाळीस सूर परत आले. एक आला नाही. डाव्या हाताचं चौथं बटण, ओढतानाचा म. त्याचा रीड आता पुन्हा घासताना तुटला होता. सरांनी तीनदा नवा केला, तिन्ही वेळा तो सुरावर यायच्या आत मोडला. पूर्वा म्हणाली, डिसेंबरात येताना घेऊन येते. सर म्हणाले, "आणा, अवश्य आणा. माझ्या हाताने आता होणार नाही." हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं, की मी खिडकीबाहेर बघत बसले.

मास्तर शोधण्याचं काम आता आम्ही दोघं करत होतो. सर स्वतः क्लासवाल्यांना फोन लावायचे. "नमस्कार. मी नवशिका आहे. वय त्र्याहत्तर. समोरासमोर शिकवाल का?" पलीकडून तीच गिटार, तोच कीबोर्ड. शेवटी जे उरलं ते असं झालं. पूर्वा शनिवारी तिच्या वर्गात जायची. रविवारी तो धडा मला सांगायची. सोमवारी मी तो बसवायची. आणि मंगळवारी पाच वाजता सर माझ्याकडे शिकायला यायचे. मी त्यांच्या घरी जाते म्हटलं तर ऐकेनात. "शिकणाऱ्याने जायचं असतं." पहिल्याच दिवशी मला 'आहेर मॅडम' म्हणाले. मी खोलीत आले की उठून उभे राहायचे, म्हणजे ते उभेच असायचे, पण थांबायचे. त्यांच्यासाठी ते फार होतं.

विद्यार्थी म्हणून ते भयंकर होते. साठ वर्षं पेटीला सरावलेली बोटं एका बटणाला एकच सूर मागत होती. ओढायच्या जागी दाबायचे, चूक कळली की भाता असा आवळायचे की मला वाद्याची काळजी वाटायची. चिडायचे, खोलीतून बाहेर जायचे, जिन्यात एक फेरी मारून परत यायचे. एकदा मी म्हणाले, "सर, एवढा त्रास कशाला? जुन्या वाद्यावर तुमची चाल सुंदरच वाजते की."

"ती तर वाजतेच. पण हे मी मोडलं होतं, मॅडम. ते सरळ झालंय हे मला माझ्या कानाने कळायला पाहिजे. हात आहे तोवर बापाची चाल एकदा ह्याच्यावर, ह्याच्या रीतीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाकी काही नको."

मे उजाडला तरी चाल तिसऱ्या ओळीच्या पुढे सरकली नव्हती.

पुढचं आधीच सांगून टाकते. ऑपरेशन झालं, जीवाचा धोका टळला, पण डाव्या हाताची दोन बोटं परत आली नाहीत. आता ते पुण्याला मुलाच्या सोसायटीत फेऱ्या मारतात, आणि लिफ्ट सोडून जिन्याने जातात म्हणून काकू फोनवर कुरकुरतात. मी जाईन जाईन म्हणते, अजून गेलेली नाही. मला ते दिसतात ते जायच्या आधीच्या शेवटच्या मंगळवारचे.

त्या सोमवारी ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद होती आणि मला धडा बसवायला वेळच मिळाला नव्हता. मंगळवारी सव्वाचारला स्वयंपाकघरात घाईघाईने चालीची शेवटची ओळ घेऊन बसले, तोच खाली सरांची स्कूटर वाजली. पाऊण तास आधी. बेल काही वाजली नाही. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. सर जिन्याच्या कठड्यापाशी उभे होते. कठड्यावर बोटं ठेवून पुटपुटत होते, "दाब, ओढ, ओढ, दाब." थांबले. उजव्या हाताने डाव्या हातावर चापट मारली. "उलटं, गायकवाड, उलटं!" आणि पुन्हा पहिल्यापासून. परीक्षेला आलेल्या पोरासारखी त्यांची मान खाली होती. मला आधी हसू आलं. बाहेर विद्यार्थी पाऊण तास आधी येऊन घोकतोय, आणि आत मास्तरणीची तयारी नाही. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी दार उघडलं.

"वेळ व्हायचीय, मॅडम. मी थांबतो इथेच."

"आत या, सर. माझाही धडा कच्चा आहे."

"मग बरंय," ते म्हणाले. "दोघं चुकू."

त्यांनी पट्टा गळ्यात घातला. बसले नाहीत, पण चाललेही नाहीत. खिडकीसमोर उभे राहिले. पहिली ओळ आली, दुसरी आली. डावी करंगळी बाजूला लोंबत होती, बाकीची बोटं तिचं काम ओढून नेत होती. तिसऱ्या ओळीत तो म आला. चौथं बटण, भाता ओढलेला, आणि आतून नुसता वारा, फस्स. दर वेळी इथे ते थांबायचे आणि चिडायचे. त्या दिवशी थांबले नाहीत. भाता ओढत राहिले आणि तेवढा एक म त्यांनी तोंडाने म्हटला, बरोबर सुरात, बरोबर तेवढाच लांब, आणि पुढच्या सुराला वाद्यावर परत आले. चौथ्या ओळीत पुन्हा म. पुन्हा तोंडाने. पाचव्या ओळीत दोनदा. आवाज थकलेला होता, पण सूर हलला नाही. दाबताना दाबलं, ओढताना ओढलं, एकदाही उलटं झालं नाही, आणि चाल संपली.

भाता मिटून ते माझ्याकडे बघत उभे राहिले. "झालं का बरोबर?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, कारण त्यांना सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी मानेने हो म्हटलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "पुन्हा."

त्यांनी पट्टा नीट केला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.